अलाबामातल्या हंट्सव्हिलला शिफ्ट होताय? सारखे सारखे येणारे प्रश्न

न्यू जर्सीतल्या एडिसनहून इकडे आल्यापासून ओळखीच्यांचे, ओळखीच्यांच्या ओळखीच्यांचे फोन येत असतात आणि प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून एकदा सगळं लिहून टाकतेय. लिंक पुढे पाठवा, हरकत नाही. एक गोष्ट आधीच सांगते, नोकरी ज्याला मिळालीय त्याने एकट्याने हे वाचू नका, घरातल्या ज्या माणसाला इथे नोकरी मिळालेली नाही त्यालाही शेजारी बसवा. इथे निम्म्या उत्तरांचा संबंध त्याच माणसाशी आहे.

हंट्सव्हिल म्हणजे नक्की कुठे, आणि तिथे असं आहे तरी काय?

अलाबामाच्या अगदी उत्तर टोकाला, टेनेसीच्या सीमेजवळ. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २,१५,००६ निघाली आणि बर्मिंगहॅमला मागे टाकून हे अलाबामातलं सगळ्यात मोठं शहर झालं. आजूबाजूचा भाग धरला तर पाच लाखाच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या हिशोबाने जिल्ह्याचं गावच. १९५० साली वेर्नर फॉन ब्राऊन आणि त्याची जर्मन मंडळी इथे आणली गेली, १९६० मध्ये नासाचं मार्शल सेंटर झालं आणि चंद्रावर माणूस नेणारं सॅटर्न पाच रॉकेट इथेच डिझाईन झालं. तेव्हापासून गावाला रॉकेट सिटी म्हणतात. आज रेडस्टोन आर्सेनल नावाच्या लष्करी तळावर ४० हजारांहून जास्त लोक कामाला आहेत, शेजारी कमिंग्ज रिसर्च पार्क आहे जे अमेरिकेतलं दुसऱ्या नंबरचं मोठं रिसर्च पार्क, आणि २०२१ पासून माझदा-टोयोटाचा गाड्यांचा कारखाना. त्यामुळे अलाबामा म्हटल्यावर जे चित्र डोळ्यासमोर येतं ते इथे पूर्ण लागू होत नाही. पण अजिबातच लागू होत नाही असं कुणी सांगितलं तर त्यावरही विश्वास ठेवू नका.

राहायला एक नंबरचं शहर म्हणून निवडलं होतं ना? मग प्रश्नच काय?

हो, २०२२ मध्ये यू.एस. न्यूजच्या यादीत पहिलं आलं होतं. त्या याद्या घरांच्या किमती, पगार, नोकऱ्या असं काय काय एकत्र करून काढतात, सरासरी माणसासाठी. त्या सरासरी माणसाला व्हिसा स्टॅम्पिंग नसतं, त्याचे आईवडील सहा महिन्यांसाठी राहायला येत नाहीत आणि त्याला डिसेंबरात मुंबईचं तिकीट काढायचं नसतं. यादी बघा, पण तिच्यावर घर घेऊ नका.

घरं स्वस्त, टॅक्स कमी, म्हणजे हिशोब सरळच की?

निम्मा सरळ आहे. प्रॉपर्टी टॅक्स खरंच कमी, देशातल्या सगळ्यात कमी राज्यांमध्ये अलाबामा येतं. हंट्सव्हिल शहरात दर ५८ मिल (म्हणजे हजार डॉलरला ५८ डॉलर) आहे आणि स्वतः राहत असलेल्या घराच्या किमतीच्या फक्त १० टक्क्यांवर तो लागतो, म्हणजे साडेतीन लाख डॉलरच्या घराला वर्षाला दोन हजाराच्या आसपास. न्यू जर्सीत सरासरी बिलच दहा हजाराच्या घरात जातं, तर हा फरक छोटा नाहीच. फक्त घर घेतल्यावर काउंटीच्या ऑफिसात जाऊन होमस्टेडचा (स्वतः राहतो त्या घराच्या सवलतीचा) अर्ज करायचा असतो, तो आपोआप होत नाही, आणि केला नाही तर घर १० ऐवजी २० टक्क्यांवर मोजतात आणि बिल थेट दुप्पट येतं. घर भाड्याने देणार असाल तर तोच दुप्पट दर धरून चाला.

आता उरलेला निम्मा. सेल्स टॅक्स हंट्सव्हिलमध्ये ९ टक्के आहे आणि किराण्यावरही टॅक्स आहे, जर्सीतून आलेल्यांना हे पहिल्या बिलाला कळतं. किराण्यावरचा राज्याचा हिस्सा २०२३ मध्ये ४ वरून ३ आणि २०२५ मध्ये २ टक्क्यांवर आणला, पण शहराचा आणि काउंटीचा हिस्सा वर असतोच, त्यामुळे तांदूळ-डाळीवर टॅक्स भरायची तयारी ठेवा. इन्कम टॅक्सही कमी येईल असं धरू नका. जोडप्याला सहा हजार डॉलरच्या पुढे सरसकट ५ टक्के लागतात. फेडरल टॅक्सची वजावट मिळते हे चांगलं, पण तरी मध्यम पगारावर न्यू जर्सीपेक्षा थोडा जास्तच बसू शकतो. घराचा इन्शुरन्स गारा आणि वादळांमुळे महाग, आणि वारा-गारांचं डिडक्टिबल (नुकसानीतला आपल्या खिशातून भरायचा भाग) बऱ्याचदा वेगळं, घराच्या किमतीच्या टक्क्यांत लिहिलेलं असतं, पॉलिसीतलं ते पान वाचल्याशिवाय सही करू नका. शिवाय गाड्या दोन लागणार, मूल सोळाचं झालं की तिसरी.

आणि पगार. इकडची ऑफर आली की लोक घराच्या किमतीचीच तुलना करतात, दोघांचे पगार धरून करत नाहीत. तिथे दोन पगार होते आणि इथे एकच राहिला तर वाचलेला प्रॉपर्टी टॅक्स कुठल्या कुठे जातो.

सुरुवातीला भाड्याने राहा असं मी सगळ्यांना सांगते. मागच्या काही वर्षांत इथे अपार्टमेंट्स भरपूर बांधलीत, नवीन कॉम्प्लेक्सवाल्यांना महिना-दोन महिन्यांचं भाडं सोडायला लावता येतं, फक्त विचारायला लाजू नका.

एचवनवर (कंपनीने काढलेल्या कामाच्या व्हिसावर) आहे. इथे इतक्या इंजिनियरिंग कंपन्या आहेत, मग ही नोकरी गेली तर दुसरी मिळेलच ना?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि लोक तो सगळ्यात शेवटी विचारतात. इथल्या नोकऱ्यांचा फार मोठा हिस्सा डिफेन्स आणि नासाच्या कंत्राटांवर चालतो, आणि त्यातल्या बहुतेकांना अमेरिकन सिटिझन लागतो, सिक्युरिटी क्लिअरन्ससाठी (गोपनीय कामाच्या सरकारी परवानगीसाठी) तर लागतोच. म्हणजे जॉब साईटवर हंट्सव्हिल टाकलं की शेकडो जागा दिसतात, मग सिटिझनशिपचा फिल्टर लावा आणि किती उरतात ते बघा. ग्रीन कार्डवाले एक्सपोर्ट कंट्रोलच्या (परदेशी लोकांना सहसा न दाखवता येणाऱ्या तंत्रज्ञानाच्या) काही कामांमध्ये चालतात, क्लिअरन्सच्या नोकरीत नाही.

मग आपली माणसं इथे काय करतात? हॉस्पिटल, युनिव्हर्सिटी, हडसन-अल्फासारखी बायोटेक संस्था, कारखाने, बँका, कुठल्यातरी मोठ्या कंपनीचं आयटी, आणि रिमोट. चांगल्या नोकऱ्या आहेत त्या, पण संख्येने कमी. एचवनवर नोकरी गेली की साठ दिवस मिळतात. डॅलस किंवा जर्सीत त्या साठ दिवसांत त्याच घरात राहून दहा ठिकाणी इंटरव्ह्यू देता येतात, इथे दुसरी नोकरी बहुधा दुसऱ्या शहरात मिळेल आणि मुलांची शाळा वर्षाच्या मध्यात सुटेल. घर घेतलेलं असेल तर आणखी गुंता.

याउलट तुम्ही सिटिझन झाला असाल आणि तुमचं काम एम्बेडेड, सिस्टिम्स, सायबर असल्या प्रकारचं असेल तर या आकाराच्या गावात इतक्या संधी क्वचित मिळतात. त्यातही सगळं सरकारी बजेटवर हलतं हे लक्षात ठेवा, वॉशिंग्टनमध्ये कुणी कात्री काढली की इथल्या जेवणाच्या टेबलांवर त्याचीच चर्चा असते.

कंपनी म्हणते रिमोट चालेल. मग जर्सीची नोकरी ठेवून इकडे येऊ का?

येऊ शकता, पण एचआरच्या ईमेलवर थांबू नका, इमिग्रेशन लॉयरला विचारा. एचवन कामाच्या जागेला बांधलेला असतो, दुसऱ्या मेट्रो भागात घरून काम करायचं तर हलायच्या आधी अमेंडमेंट फाईल करावी लागते. ग्रीन कार्डची पहिली पायरी, म्हणजे पर्म, तीसुद्धा जागेवर अवलंबून असते. आय-१४० (कंपनीचा ग्रीन कार्डसाठीचा पुढचा अर्ज) मंजूर असेल तर प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, सहसा राहते, पण पर्म नव्याने करायची वेळ येऊ शकते. आणि काही कंपन्या गाव बदललं की पगारही बदलतात, ते लेखी घ्या.

नवऱ्याला नोकरी मिळालीय, माझं काय होईल? (किंवा उलट)

माझ्या मते सगळ्या पानात वजन या प्रश्नाला द्यायला हवं. ज्याला नोकरी आहे त्याचा दिवस तयार असतो, त्याला ऑफिस, सहकारी, लंच, सगळं आयतं मिळतं. दुसऱ्याचा दिवस रिकामा असतो आणि तो भरायला गाव किती मदत करतं यावर सगळं ठरतं. मोठ्या शहरात चार महिन्यांत काहीतरी सापडतं, कुठे क्लास, कुठे पार्टटाईम, कुठे मैत्रीण. इथे सगळं आहे पण एकेकच आहे, तुमच्या विषयातल्या दोनच कंपन्या असतात आणि त्यातली एक सिटिझनच घेते.

एचफोर (एचवनवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) असेल तर आधी बघा की जोडीदाराचा आय-१४० झालाय का, कारण त्याशिवाय एचफोरवर कामाचं कार्ड साधारणपणे मिळत नाही. नसेल तर ती दोन-तीन वर्षं काय करणार ते येण्याआधी बोला, आल्यावर नाही. इथे युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामा इन हंट्सव्हिल आहे, लोक त्याला यूएएच म्हणतात, एचफोरवर शिकता येतं आणि माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणींनी त्या काळात मास्टर्स केलं. डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, शिक्षक असाल तर राज्याचं लायसन्स लागेल आणि त्याला वेळ लागतो, म्हणून अर्ज जर्सीत बसूनच सुरू करा.

ड्रायव्हिंग येत नसेल तर आधी शिका. हे मी शंभर टक्के सिरियसली सांगतेय.

गाडीशिवाय अजिबातच जमत नाही का?

नाही. ऑर्बिट नावाची सिटी बस आहे, ठराविक रूटवर ठराविक वेळेला. प्रवासी ट्रेन नाही, १८६० सालचं रेल्वे स्टेशन आहे पण त्यात म्युझियम आहे. चांगली बाजू अशी की ट्रॅफिक म्हणून इथले लोक ज्याची तक्रार करतात, सकाळी रेडस्टोनच्या गेट नऊला लागलेली रांग किंवा संध्याकाळचा ५६५ हायवे, त्याला आपण हसतो.

मुलांच्या शाळा कशा आहेत? हंट्सव्हिल की मॅडिसन?

आपली बहुतेक मंडळी मॅडिसनला राहतात. मॅडिसन हे शेजारचं वेगळं शहर, त्याच्या वेगळ्या शाळा, बॉब जोन्स आणि जेम्स क्लेमन्स ही दोन हायस्कुलं. २०१९ मध्ये तिथल्या लोकांनी मतदान करून शाळांसाठी स्वतःचा प्रॉपर्टी टॅक्स १२ मिलने वाढवून घेतला, अलाबामात टॅक्स वाढवायला हो म्हणणं किती दुर्मिळ आहे ते इथे राहिल्यावर कळतं. अभ्यास, मॅथ टीम, रोबोटिक्स, सगळं जोरात, वर्गात देशी मुलंही दिसतात.

हंट्सव्हिलच्या शाळांचं तसं एका वाक्यात सांगता येत नाही. उत्तम शाळाही आहेत आणि ओढाताणीच्याही, आणि कुठलं घर कुठल्या शाळेत जातं ते रस्ता ओलांडला की बदलतं. यामागे इतिहास आहे. सप्टेंबर १९६३ मध्ये अलाबामातल्या पब्लिक शाळेत गोऱ्या मुलांबरोबर बसलेला पहिला काळा मुलगा याच गावातला, आणि त्या वेळच्या कोर्टकेसमुळे कोर्टाची देखरेख हंट्सव्हिलच्या शाळांवर पुढे कित्येक दशकं राहिली. रेटिंगच्या साईटवरचे आकडे बघताना ते मुख्यतः घरच्या उत्पन्नाचेच आकडे असतात हे डोक्यात असू द्या. मॅग्नेट शाळा (खास विषयांवर भर देणाऱ्या पब्लिक शाळा) चांगल्या आहेत. २०२० मध्ये राज्याने इथे सायबर आणि इंजिनियरिंगचं एक पब्लिक निवासी हायस्कूल काढलंय, प्रवेश अर्ज करून मिळतो, मूल तसल्या आवडीचं असेल तर जरूर बघा.

एक व्यवहाराची गोष्ट. इथे शाळा ऑगस्टच्या सुरुवातीलाच उघडते आणि मे संपायच्या आत सुटते. जर्सीची शाळा जूनच्या शेवटपर्यंत चालते, म्हणजे त्या वर्षी मुलांना सुट्टी जेमतेम महिनाभर मिळते आणि त्यातच सामान हलवायचं असतं, त्या उन्हाळ्यात भारताचं तिकीट काढू नका. आणि मूल अकरावीत असेल तर शक्य झाल्यास एक वर्ष थांबा, किंवा एकाने आधी या. कॉलेजचं म्हणाल तर इन-स्टेट (राज्यातल्या रहिवाशांची कमी) फी आणि राज्यातल्या युनिव्हर्सिट्यांच्या मार्कांवरच्या स्कॉलरशिप यामुळे खूप पैसे वाचतात, पण मुलाला बाहेरच जायचं असेल तर हा मुद्दा गळतो.

टोर्नेडोची भीती वाटते. किती खरं, किती बातम्यांमधलं?

खरं आहे. २७ एप्रिल २०११ ला एका दिवसात अलाबामात ६२ टोर्नेडो झाले, राज्यात दोनशेहून जास्त माणसं गेली, विजेच्या मोठ्या लाईनी पडल्यामुळे या सगळ्या भागात कित्येक दिवस, काही ठिकाणी आठवडाभर, वीज नव्हती. त्याआधी नोव्हेंबर १९८९ मध्ये शहराच्या मधोमध एअरपोर्ट रोडवर आला होता, त्यात २१ जण गेले. जुन्या माणसांना अजून ती दुपार आठवते. सीझन मुख्यतः मार्च ते मे, आणि दुसरा छोटा नोव्हेंबरच्या आसपास.

तुमच्या घरावरच येईल याची शक्यता कमी असते पण रात्री बेरात्री वॉर्निंग येऊन सगळ्यांना उठवून आतल्या बाथरूममध्ये जाऊन बसायचं हे दरवर्षी होतं, आणि त्याचा ताण काही लोकांना सहन होत नाही, मी तरी दोन कुटुंबं त्याच कारणाने परत गेलेली बघितलीत. इथल्या घरांना बेसमेंट सहसा नसतं हे जर्सीवाल्यांना माहीत नसतं. घर बघताना खालच्या मजल्यावर बिनखिडकीची खोली किंवा मोठं कपाट कुठे आहे ते बघा, गॅरेजच्या फरशीत शेल्टर बसवलेलं असेल तर सोन्याहून पिवळं. सायरन बाहेर असलेल्या लोकांसाठी असतात, बंद घरात झोपेत ते ऐकू येतीलच असं नाही, म्हणून बॅटरीवर चालणारा वेदर रेडिओ घ्या. आत जाताना सगळ्यांच्या पायात बूट, डोक्याला सायकलचं हेल्मेट, आणि पासपोर्टची पिशवी. ही पिशवी आपली स्वतःची भर, इथल्या याद्यांमध्ये ती नसते, पण आय-७९७ ची (व्हिसा मंजुरीच्या कागदाची) मूळ प्रत परत मिळवण्यापेक्षा पिशवी उचलणं सोपं.

अधूनमधून खिडक्या थरथरतात आणि लांब धडाम असा आवाज येतो, ते मात्र वादळ नाही, रेडस्टोनवर काहीतरी टेस्ट करत असतात. सवय होते.

हवा?

उन्हाळा दमट, जुलैत ३२-३३ डिग्री, आपल्याला नवीन नाही. मार्च-एप्रिलमध्ये पाईनचं पोलन पडतं, गाड्या पिवळ्या होतात आणि ज्यांना आयुष्यात कधी ॲलर्जी नव्हती त्यांनाही होते. थंडी थोडी. बर्फ क्वचित, पण पडला की गाव बंद, कारण रस्ते साफ करायची यंत्रणा जर्सीसारखी नाही. तेव्हा हसू नका, बर्फापेक्षा रस्त्यावरच्या काचेसारख्या थराने गाड्या घसरतात.

आई-बाबा येणार आहेत. करमेल का त्यांना?

पहिला महिना छान जातो, शांतता, झाडं, मोठं घर. मग करमत नाही. चालत जाण्यासारखं काही नसतं, एडिसनच्या ओक ट्री रोडवर जसे बाबा एकटे जाऊन भाजी बघून, दोन माणसांशी बोलून येत होते तसं इथे नाही. त्यामुळे मंदिर, सिनियर सेंटर, लायब्ररी यांना नेणारं-आणणारं कुणीतरी लागतं, ते कुणी करायचं हे ठरवा. (परत तोच घरातला दुसरा माणूस.) घर घेताना फुटपाथ असलेली सोसायटी आणि जवळपास देशी शेजार बघा, दोन आजोबा एकमेकांना सापडले की निम्मं काम होतं.

आणि एक अवघड गोष्ट सांगायलाच हवी. फेब्रुवारी २०१५ मध्ये मॅडिसनमध्ये, गुजरातहून मुलाकडे नातवाला सांभाळायला आलेले एक आजोबा सकाळी सोसायटीत फिरत होते, कुणीतरी फोन केला, पोलिस आले, आजोबांना इंग्लिश येत नव्हतं, आणि त्यांना जमिनीवर इतकं जोरात आपटलं की पाठीच्या कण्याला इजा झाली. व्हिडिओ जगभर गेला, गव्हर्नरनी माफी मागितली, पोलिसाची केस दोनदा ज्युरीचं एकमत न झाल्याने अडकली आणि शेवटी तो सुटला. हे रोज होतं असं मुळीच नाही, मी स्वतः आणि माझे सासरे त्याच रस्त्यांवर आरामात फिरतो. पण आम्ही त्यांच्या खिशात पत्ता आणि फोन नंबर लिहिलेला कागद ठेवतो, पोलिसांनी थांबवलं तर हात बाहेर ठेवून जागेवर उभं राहायचं हे समजावलंय, आणि आल्या आल्या शेजाऱ्यांकडे नेऊन ओळख करून दिली. तुम्हीही करा.

व्हिजिटर इन्शुरन्स चांगल्यातला घ्या, तो सगळीकडेच लागतो.

मराठी माणसं आहेत का? गणपती होतो का?

आहेत, पण थोडी. अटलांटाच्या महाराष्ट्र मंडळासारखी नाटकं, ढोल-ताशा, शेकडो पानांची पंगत इथे अपेक्षित धरू नका. इथे देशी म्हणून सगळे एकत्र, तेलुगू, गुजराती, तमिळ, आणि आपण दोन टेबलं. गणपती घरोघरी होतो, आरतीला ज्यांना येते ते म्हणतात, बाकीचे टाळ्या वाजवतात आणि मोदक सगळे खातात. मला हे हळूहळू जास्त आवडायला लागलं, मोठ्या मंडळात आपण प्रेक्षक असतो, इथे हात लावल्याशिवाय कार्यक्रम होतच नाही. पण ज्यांना मराठी शाळा, वाचनालय, दर महिन्याचा कार्यक्रम हवाच असतो त्यांनी याचा विचार करा. नॅशव्हिलला गणेशाचं मोठं मंदिर आहे, पावणेदोन-दोन तास, चतुर्थीला बरेच जण जाऊन येतात.

किराणा, खाणं? आणि शाकाहारी असलो तर?

रोजचं सगळं मिळतं, पीठ, डाळी, फ्रोझन पराठे, कढीपत्ता. मोठी खरेदी करायला लोक अटलांटाजवळच्या डिकेटरला पटेल प्लाझात जातात, साधारण चार तास. जीपीएसमध्ये नुसतं डिकेटर टाकू नका, डिकेटर नावाचं एक गाव इथे अलाबामातही आहे, अर्ध्या तासावर, आणि तिथे तुम्हाला पटेल प्लाझा सापडणार नाही, पांढरं बार्बेक्यू सॉस मात्र सापडेल, ते या भागाचंच. शाकाहारी लोकांनो, इथल्या साध्या हॉटेलात भाज्या म्हणून लिहिलेल्या घेवड्यात आणि पालेभाजीत बेकन किंवा हॅम घालतात. दरवेळी विचारा.

लोक कसे आहेत? त्रास होतो का?

बोलायला गोड, मदतीला तत्पर. नवीन घरात आलो तेव्हा शेजारी केक घेऊन आले, झाड पडलं तर न सांगता करवत घेऊन येतात. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत तुम्ही कुठल्या चर्चला जाता असं विचारतील. त्यात कुजकेपणा नसतो, ओळख काढायची ती पद्धत आहे, आम्ही हिंदू आहोत म्हणा आणि पुढे बोला. काहीजण नंतरही चर्चला बोलावत राहतात, तेव्हा हसून नाही म्हणायला शिकायचं. पण ओळख होणं आणि जवळचं होणं यात इथे मोठी गॅप असते, लोकांचं आयुष्य त्यांच्या चर्चभोवती आणि नातेवाईकांभोवती भरलेलं असतं. रेडस्टोनमुळे बाहेरून आलेले खूप आहेत, मैत्री जास्त करून त्यांच्याशी होते.

अलाबामा की ऑबर्न हे विचारलं तर ते इथल्या दोन युनिव्हर्सिट्यांच्या फुटबॉल टीमबद्दल आहे. एक निवडा आणि नोव्हेंबरच्या शेवटी त्यांच्या मॅचच्या दिवशी कुणाला घरी बोलावू नका.

राज्य कडक रिपब्लिकन आहे, बंदुका सहज दिसतात, आणि २०११ मध्ये इमिग्रेशनचा इतका कडक कायदा केला होता की त्याखाली मर्सिडीजच्या कारखान्यात आलेला एक जर्मन मॅनेजरच लायसन्स जवळ नाही म्हणून अटक झाला. नंतर कोर्टाने त्यातला बराच भाग रोखला. तरी गाडी चालवताना कागद जवळ ठेवा.

दवाखाने? आम्ही बाळाचा विचार करतोय.

रोजच्या आजारपणाला आणि बाळंतपणाला इथली हॉस्पिटलं चांगली आहेत. दुर्मिळ किंवा अवघड काही निघालं तर बर्मिंगहॅमचं यूएबी किंवा नॅशव्हिलचं वँडरबिल्ट, दोन्ही दीड-दोन तासांवर. स्पेशालिस्टची अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, येण्याआधी फोन करून नवीन पेशंट घेतात का विचारा.

कायद्याचं माहीत असू द्या. जून २०२२ पासून अलाबामात गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी आहे, अगदी मोजक्या वैद्यकीय कारणांशिवाय, आणि शेजारच्या टेनेसी-मिसिसिपीतही तीच परिस्थिती. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने गोठवलेल्या भ्रूणांना मूल मानणारा निकाल दिला आणि आयव्हीएफ क्लिनिकं थांबली, मार्चमध्ये नवा कायदा करून त्यांना संरक्षण दिलं तेव्हा परत सुरू झाली. ट्रीटमेंट चालू असेल किंवा आधीच्या प्रेग्नन्सीत गुंतागुंत झाली असेल तर डॉक्टरशी स्पष्ट बोलून मगच तारीख ठरवा. घरात हा विषय काढायला लोक लाजतात, ऑफरवर सही करायच्या आधी काढा.

भारतात जायचं कसं?

इथून कुठेतरी मोठ्या एअरपोर्टला, मग पुढे. म्हणजे जर्सीपेक्षा एक विमान जास्त आणि तिकीटही जास्त. बरेच जण नॅशव्हिल किंवा अटलांटापर्यंत गाडीने जाऊन पैसे वाचवतात. रात्री अचानक घरून फोन आला आणि निघायचं झालं तर हा एक जास्तीचा टप्पा फार मोठा वाटतो, ज्यांचे आईवडील तिकडे एकटे आहेत त्यांनी याला वजन द्या. फोनची वेळ मात्र सोयीची, उन्हाळ्यात इथे रात्रीचे नऊ तेव्हा तिकडे सकाळचे साडेसात.

वीकेंडला काय करता?

मॉन्टे सानोचा डोंगर शहराला लागूनच, ट्रेल भरपूर, दरी-धुकं बघून सिंहगडाची आठवण येते, पिठलं-भाकरी आपली आपण न्यायची. थंडीत व्हीलरच्या अभयारण्यात हजारो क्रौंच उतरतात, ते आवाज ऐकायला तरी जाच. रॉकेट सेंटरमध्ये खरं सॅटर्न पाच छताखाली आडवं ठेवलंय, पाहुणे आले की न्यायची हक्काची जागा. गाणी-बिणी ऐकायला २०२२ पासून ओरायन ॲम्फिथिएटर आहे. रात्री उशिरापर्यंत उघडी हॉटेलं, मराठी नाटक म्हणाल तर नाही.

मग रॅले किंवा अटलांटाच का नको?

एचवनवर असाल, दोघांनाही नोकरी हवी असेल, मराठी गोतावळा हवा असेल तर खरंच नॉर्थ कॅरोलायनातलं रॅले-केरी किंवा अटलांटा बघा, मी उगाच इकडे ओढणार नाही. घर महाग पडेल, गर्दी जास्त, पण दुसऱ्या माणसाला काम मिळायची शक्यता कितीतरी जास्त. हंट्सव्हिल कुणाला जमतं, तर ज्यांच्या कागदांचा प्रश्न सुटलाय, मुलं लहान आहेत, आणि दुसऱ्याचं काम रिमोट आहे किंवा त्याला काही वर्षं थांबायचंच आहे. हे सगळं असूनही ज्यांना गजबज लागते ते इथे वर्षभरात कंटाळतात.

ठरवायच्या आधी बघायला यायचंय. कधी येऊ, काय बघू?

ऑक्टोबरात येऊ नका, तेव्हा हे गाव सगळ्यांनाच आवडतं. एप्रिलमध्ये या, पोलनही कळेल आणि एखादी वॉर्निंगही अनुभवाल, किंवा जुलैत. रविवार धरून मंगळवार-बुधवारपर्यंत राहा. जोडीदार ऑफिस बघायला जाईल तेव्हा दुसऱ्याने हॉटेलात बसू नये, भाड्याची गाडी घेऊन एकट्याने मॅडिसनला जावं, किराण्याचं दुकान, लायब्ररी, शाळेचं ऑफिस, मंदिर असं फिरून यावं आणि मग रात्री त्यालाच आधी बोलू द्यावं. मुलं मोठी असतील तर त्यांनाही आणा. गेट नऊची रांग बघायची असेल तर सकाळी सातच्या आसपास निघा.